ठेवायला दिलेलं

आमच्या आजीच्या फडताळात, अगदी वरच्या फळीवर, एक पितळी डबा होता. झाकण घट्ट बसायचं, आत काही नसायचं. दिवाळीत सगळी भांडी चिंचेनं घासायला निघाली की तोही खाली यायचा आणि मी तो उलटा करून बघायची. बुडावर ठोक्याठोक्यांनी एका बाईचं नाव आणि खाली गावाचं नाव कोरलेलं होतं. त्या नावाची आमच्या घरात कुणी नव्हती आणि त्या गावाशी आमचा काही संबंध नव्हता. दर वर्षी मी विचारायची, हा कुणाचा गं आजी? ती दर वर्षी एकच उत्तर द्यायची, "ठेवायला दिलाय." कुणी दिला, का दिला, परत न्यायला कुणी का आलं नाही, यातलं एक अक्षर ती बोलली नाही. ती गेली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि डब्याचं कोडं तिच्याबरोबरच गेलं.

गंमत अशी, की हीच आजी आम्हा मुलींना सांगायची, "बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. धर्मराजाचा शापच आहे आपल्याला." युद्ध संपल्यावर तर्पणाच्या वेळी कुंतीनं सांगितलं, की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. धर्मराजाला ते सहन झालं नाही. एवढी मोठी गोष्ट आईनं लपवली म्हणून त्यानं समस्त स्त्रीजातीला शाप दिला, यापुढे तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. ही गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेन. कुंतीनं ते गुपित किती वर्षं सांभाळलं होतं, हे मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आलं. लग्नाआधीपासून थेट कुरुक्षेत्राच्या राखेपर्यंत. एक मुलगा दुसऱ्यावर बाण सोडत होता तेव्हाही ती गप्प होती. बाईनं गुपित राखलं म्हणून शाप मिळाला आणि म्हणीत मात्र बाईला गुपित राखता येत नाही असं आलं.

हे सगळं माझ्या डोक्यात पुन्हा जागं झालं ते नूर इनायत खानमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. गेली काही वर्षं मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे. स्त्री हेर म्हटलं की लोकांना माता हारी आठवते, रेशमी कपडे, नाच आणि अधिकाऱ्यांच्या गळ्यात हात. नूरच्या कामात यातलं काहीसुद्धा नव्हतं. एक जड सुटकेस होती, तारेचं भेंडोळं होतं आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या लहरीवर बोटांनी वाजवायची कट्ट-कडकट्ट होती.

तिचं मूळ घर बडोद्यातलं. तिच्या वडिलांचे आजोबा मौलाबक्ष हे गायकवाडांच्या दरबारातले मोठे गवई. सयाजीरावांच्या आश्रयानं त्यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. मराठी राज्यकर्त्यांच्या त्या शहरात, त्या गाणाऱ्या घरात १८८२ साली इनायत खान जन्मले. वीणेवर वाढलेला हा माणूस पुढे सूफी उपदेशक होऊन १९१० मध्ये अमेरिकेला गेला. तिथल्या ओरा रे बेकर या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि १ जानेवारी १९१४ ला मॉस्कोत नूर जन्मली. टिपू सुलतानाचं रक्त आपल्यात आहे असं या घरात मानलं जायचं. पॅरिसजवळ स्युरेनमध्ये त्यांचं मोठं घर होतं, फजल मंझिल. नूर तेरा वर्षांची असताना, हिंदुस्थानात आलेले वडील दिल्लीत वारले. आई अंथरुणाला खिळल्यासारखी झाली आणि तीन धाकट्या भावंडांचं बघणं नूरवर आलं.

ती हार्प वाजवायची, वीणाही वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. १९३९ मध्ये लंडनला तिचं जातककथांचं पुस्तक निघालं, वीस कथांचं. त्यात महाकपीची गोष्ट आहे. राजाचे धनुर्धर झाडाला वेढा घालतात तेव्हा वानरांचा राजा स्वतःचं शरीर ताणून पूल करतो. सगळी वानरं त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात आणि त्याचा कणा मोडतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ही कथा चित्रात आहे. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा नूरचं नावही ऐकलं नव्हतं. आता तिथे उभं राहिलं की मला तीच आठवते.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं. हे कुटुंब बोर्दोहून जहाजानं इंग्लंडला पोचलं. घर अहिंसेच्या शिकवणीवर वाढलेलं. तरीही नूर आणि तिचा भाऊ विलायत यांनी ठरवलं, की नाझींविरुद्ध काहीतरी केलंच पाहिजे. नूर हवाई दलाच्या महिला शाखेत गेली आणि वायरलेस शिकली. अधिकारपदासाठी मुलाखत झाली तेव्हा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला. तिनं सरळ सांगितलं, की पुढे गरज पडली तर मी माझ्या देशाच्या बाजूनं उभी राहीन. समोर ब्रिटिश अधिकारी बसलेले! मोठी झाली तरी खोटं बोलणं तिला जमत नव्हतं.

१९४२ च्या नोव्हेंबरात एसओई या ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेनं तिला मुलाखतीला बोलावलं. त्याच नोव्हेंबरात इकडे मुंबईत पोलिसांनी उषा मेहतांना पकडलं. बावीस वर्षांची मुलगी, ऑगस्टपासून 'काँग्रेस रेडिओ' चालवत होती. ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून'. मागावरच्या पोलिसांना चकवायला त्यांचा ट्रान्समीटर सतत जागा बदलायचा. पकडल्यावर चौकशीत त्या बोलल्या नाहीत आणि पुढची वर्षं येरवड्याच्या तुरुंगात काढून १९४६ मध्ये सुटल्या. एक ब्रिटिशांविरुद्ध, दुसरी ब्रिटिशांसाठी. पण ट्रान्समीटर लपवून फिरणं, खिडकीबाहेर कान ठेवणं आणि पकडलं तर गप्प राहणं दोघींच्या वाट्याला सारखंच आलं. मला या दोघींना वेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाही.

बायकांनाच का पाठवायचं, याचं कारण अगदी व्यवहाराचं होतं. धडधाकट फ्रेंच तरुण दिवसाढवळ्या रस्त्यावर दिसला की जर्मन त्याला हटकायचे. १९४३ पासून तर फ्रेंच तरुणांना सक्तीनं जर्मनीत कामाला न्यायला लागले. सायकलच्या टोपलीत भाजी घेऊन निघालेल्या बाईकडे मात्र कुणी वळून बघत नव्हतं. एसओईच्या फ्रेंच विभागानं अशा ३९ बायका पाठवल्या, त्यातल्या १३ परतल्या नाहीत. त्यांच्यात इव्होन रुदेला होती, पंचेचाळिशीची, नातवंड असलेली आजी. बेल्सनच्या छळछावणीत ती मेली. पर्ल विदरिंग्टन होती, जिनं आपल्या गटाचा प्रमुख पकडला गेल्यावर जंगलातल्या हजाराहून जास्त बंडखोरांचं नेतृत्व केलं. युद्धानंतर सरकारनं तिला मुलकी सेवेचं पदक देऊ केलं. तिनं ते परत पाठवलं. मी केलं त्यात मुलकी काहीच नव्हतं, असं तिचं म्हणणं होतं. तिचं अगदी बरोबर होतं.

नूरवर तिच्या शिक्षकांचा विश्वास नव्हता. बुद्धीचं फार ओझं नाही, असं एकानं लिहिलं. स्वभाव अस्थिर, प्रत्यक्ष कामाला योग्य आहे का याची शंका, असंही लिहिलं गेलं. सरावासाठी मध्यरात्री उठवून गेस्टापोची, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांची, खोटी चौकशी घेतली तेव्हा ती भीतीनं पांढरीफटक पडली. थंडीनं बोटं सुजायची, म्हणून बटणावर तिचा हात जड पडायचा आणि त्यावरून तिला चिडवायचे. हार्पच्या तारांवर फिरलेली बोटं ती! विभागप्रमुख बकमास्टर यांनी ते शेरे उडवून लावले. फ्रेंच उत्तम येणारी, वायरलेस शिकलेली माणसं हाताशी फार थोडी होती. माझं मत विचाराल तर तिला पाठवणाऱ्यांनी तिच्या धैर्याची पारख बरोबर केली आणि तिच्या तयारीची मात्र हेळसांड केली. दोन्ही एकाच माणसांनी केलं.

१६ जून १९४३ च्या रात्री, चांदण्यात, एक छोटं लायसँडर विमान आँजे शहराजवळच्या शेतात उतरलं. तिच्याजवळची कागदपत्रं सांगत होती, की ही जान-मारी रेनिए, मुलं सांभाळणारी बाई. संघटनेतलं नाव मॅडलेन. पॅरिसच्या ज्या जाळ्याला तिनं मिळायचं होतं, त्याचे लोक आठवडाभरातच पकडले जायला लागले. २४ जूनला प्रमुख फ्रान्सिस सटिलही सापडला. बघता बघता ऑपरेटर एकापाठोपाठ एक गेले आणि पॅरिसमधून लंडनशी बोलणारी जवळजवळ ती एकटीच उरली. लंडननं कळवलं, परत ये. ती नाही म्हणाली. इथल्या माणसांचा निरोप पोचवणारं कुणी उरणार नाही, हे तिचं कारण.

या कामाचं स्वरूप नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. यंत्र सुटकेसमध्ये, वजन पंधरा किलोच्या आसपास. पावसात भिजलेली गव्हाची पिशवी उचलून चार जिने चढावे तसं ते, फक्त चेहऱ्यावर जड उचलल्याची खूण दिसता कामा नये. एरियलची तार वीस मीटरच्या आसपास लांब. ती खिडकीतून, झाडावर, छपरावर पसरायची. लहरी बदलायला स्फटिकाच्या छोट्या वड्या असत, त्या बदलायच्या. प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो आणि पलीकडे इंग्लंडमध्ये हेडफोन लावून बसलेल्या मुली त्या हातावरून माणूस ओळखायच्या. आपण जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखतो तसं. आणि हे सगळं वीस मिनिटांच्या आत संपवायचं, कारण शहरात जर्मनांच्या शोधगाड्या फिरत असायच्या. कधी ते एकेका इमारतीची वीज तोडून बघायचे, कुठे तोडल्यावर संदेश मध्येच थांबतो ते. ऑपरेटर सहा आठवडे टिकला तर पुष्कळ, असा तेव्हाचा हिशेब होता. नूर जवळजवळ चार महिने टिकली. घरं बदलत, केस रंगवत, एकीकडून दुसरीकडे सुटकेस वाहत. लहानपणी जिथे वाढली त्या स्युरेनमध्येसुद्धा जाऊन तिनं संदेश पाठवले. तिथे तर दारोदारी तिला ओळखणारी माणसं.

एक गोष्ट तिच्या चरित्रांत येते. ती खिडकीतून झाडावर तार टाकायचा प्रयत्न करत होती आणि त्याच इमारतीत राहणारा एक जर्मन बाहेर आला. मदत करू का, म्हणाला. त्याला वाटलं, कपडे वाळत घालायची दोरी. तिनं मान हलवली आणि त्यानं ती तार नीट बांधून दिली. मला या प्रसंगात तिचं न बोलणं दिसतं. ती खोटं बोलली नाही, त्याच्या मनात आलं ते फक्त खोडलं नाही.

तिच्या चुका मी लपवणार नाही. पॅरिसला आल्या-आल्या कुणाकडे चहा घेताना तिनं कपात आधी दूध ओतलं, इंग्रजी पद्धतीनं. बरोबरच्या बाईनं तिला तिथल्या तिथे सांगितलं, एवढ्यावरून पकडली जाशील. सांकेतिक कागदांची पिशवी तिनं एकदा एका घराच्या दिवाणखान्याबाहेरच ठेवून दिली. सगळ्यात मोठी चूक वहीची. पाठवलेला प्रत्येक संदेश ती एका वहीत, साध्या आणि सांकेतिक अशा दोन्ही भाषांत, उतरवून ठेवत होती. संदेश 'फाइल' करताना काळजी घे, अशा सूचनेचा अर्थ तिनं जपून ठेव असा घेतला. संदेश पाठवण्याला त्या धंद्यात तोच शब्द वापरत, हे तिला कुणी धड समजावलं नव्हतं. हे वाचताना मला आजही त्रास होतो. सांगितलेलं काम मनापासून करणाऱ्या मुलीचा तो घात होता.

कुणीतरी पैशासाठी तिचा पत्ता विकला. ऑक्टोबर १९४३ च्या मध्यावर ती घरी आली तेव्हा आत माणूस दबा धरून बसला होता. ती त्याच्याशी इतकी झुंजली, त्याला इतकी चावली, की त्याला तिच्यावर पिस्तूल रोखून मदतीला माणसं बोलवावी लागली. ८४, अव्हेन्यू फॉश. जर्मन सुरक्षा खात्याचं पॅरिसमधलं ठाणं. पोचल्या-पोचल्या तिनं अंघोळ करायची म्हणून सांगितलं, दार लावून घेतलं आणि खिडकीतून बाहेर छपरावर गेली. पकडून आणली. नोव्हेंबरच्या अखेरीस दोन कैद्यांबरोबर झरोक्याचे गज सोडवून पुन्हा छपरावर चढली. नेमका त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कोठड्यांची तपासणी झाली आणि तिघंही सापडले. पुन्हा पळणार नाही असं लिहून दे, म्हणाले. तिनं लिहून दिलं नाही. बडोद्याच्या गवयाची पणती कागदावरसुद्धा खोटं लिहायला तयार झाली नाही, असं मी मनाशी म्हणते.

त्या ठाण्याचा प्रमुख हान्स कीफर यानं युद्धानंतर कबूल केलं, की तिच्याकडून आम्हाला काहीच कळलं नाही. खोटं बोलता येत नाही ही तिच्या शिक्षकांची मोठी चिंता होती. पण खोटं बोलणं आणि ठेव सांभाळणं या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आजीनंही मला कधी खोटं सांगितलं नव्हतं. ठेवायला दिलाय, इतकंच.

पण वही आणि यंत्र त्यांच्या हाती लागलं होतं. त्यांनी तिच्या नावानं लंडनशी बोलणं चालू ठेवलं. संदेशात ठरलेली खूण नसली की पलीकडच्यानं ओळखायचं, हा माणूस पकडला गेलाय. त्याआधी, पकडल्या गेलेल्या गिल्बर्ट नॉर्मन या ऑपरेटरच्या यंत्रावरून जर्मनांनी पाठवलेल्या संदेशात ती खूण नव्हती. लंडननं उलट त्यालाच बजावलं होतं, की तू खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. तरी त्यांचे डोळे उघडले नाहीत. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस मॅडलेन दामरमाँ आणि तिचे दोन साथीदार शार्त्रजवळ पॅराशूटनं उतरले. ती जागा नूरच्या यंत्रावरून ठरवली गेली होती आणि खाली जर्मन उभे होते. टेबलाशी बसून संदेश वाचणाऱ्यांना थोडी शंका घ्यायची होती, एवढंच त्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही, हे मी माफ करू शकत नाही.

नूरला जर्मनीत फोर्त्सहाइमच्या तुरुंगात नेलं. अतिधोकादायक कैदी. हातात बेड्या, पायात बेड्या आणि दोन्हींना जोडणारी साखळी. जेवणसुद्धा दुसऱ्यानं भरवायचं. दहा महिने एकटी. कुणाशी बोलायचं नाही आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा हुकूम. त्याच तुरुंगात काही फ्रेंच राजकीय कैदी बायका होत्या. जेवणाचे वाडगे धुऊन कोठड्या-कोठड्यांत फिरतात, हे त्यांनी हेरलं आणि एका वाडग्याच्या बुडावर कोरून विचारलं, तू कोण? काही दिवसांनी वाडगा परत आला. बुडावर नाव होतं, नोरा बेकर. आईचं माहेरचं नाव. खाली लंडनचा पत्ता, ४, टॅव्हिटन स्ट्रीट. चौदा जुलैला, फ्रान्सच्या सणाच्या दिवशी, त्या बुडावर त्या सणाचा जयजयकार कोरून आला. हातांत बेड्या असताना पत्र्यावर अक्षरं कशी काढली असतील, हे मी स्वयंपाकघरात उभी राहून डब्याच्या बुडावर नख ओढून बघितलंय. एका अक्षरालाच बोट दुखतं.

११ सप्टेंबर १९४४ ला तिला तिथून हलवलं. १३ सप्टेंबरच्या पहाटे डाखाउच्या छावणीत चौघींना गोळ्या घातल्या. योलांद बीकमन, एलियान प्लूमन, मॅडलेन दामरमाँ आणि नूर. ती दामरमाँ, जी नूरच्या यंत्रावरच्या खोट्या निरोपावर विश्वास ठेवून उतरली होती. नूरचा शेवटचा शब्द 'लिबेर्ते', म्हणजे स्वातंत्र्य, होता असं सांगतात.

एसओईच्या व्हेरा अॅटकिन्स युद्धानंतर जर्मनीभर फिरून आपल्या हरवलेल्या मुलींचा माग काढत होत्या. नूर नात्सवायलरच्या छावणीत मेली असं आधी त्यांनी ठरवलं. तिथे मेलेली खरं तर सोन्या ओल्शानेझ्की होती, फ्रान्समध्येच भरती झालेली, लंडनच्या यादीत नसलेली मुलगी. फोर्त्सहाइमच्या त्या बायका, त्यांच्या आठवणीत राहिलेलं नाव आणि तो पत्ता, यांच्यामुळे खरं काय ते बाहेर आलं. १९४९ मध्ये नूरला जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले होते. गॉर्डन स्क्वेअरच्या बागेत २०१२ पासून नूरचा अर्धपुतळा आहे. कुणीतरी त्याच्या पायाशी झेंडूची दोन फुलं ठेवली होती. तिथून टॅव्हिटन स्ट्रीट दोन मिनिटांवर. शांत गल्ली, एकसारखी उंच घरं. चार नंबरच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे, २०२० मध्ये लावलेली. तिचं नाव, सालं आणि एसओईतलं नाव मॅडलेन. मी नंबर वाचला आणि पाटीपेक्षा दाराकडेच बघत राहिले. हाच चार आकडा तिनं त्या वाडग्याच्या बुडावर कोरला होता. लेक म्हणाली, आई, पाऊस येतोय, चल. मी तिला म्हटलं, थांब जरा, आणि पर्समधली छत्री न काढता तशीच उभी राहिले.